दुसऱ्या घळीतला झेंडा

“चुकीचा झेंडा दिसला तर हात लावायचा नाही. परत यायचं आणि तोंडानं सांगायचं.”

मोजणीवाल्या मास्तरांचा तो खर्जातला आवाज मावशीच्या कानात अजून ताजा होता. जमिनी मोजता मोजता मास्तरांनीच तिला हा खेळ लावला. ओरिएंटियरिंग: हातात नकाशा, गळ्यात होकायंत्र, आणि रानात बांधलेले नारिंगी-पांढरे झेंडे शोधत धावायचं. मास्तर गेले, आणि विभागीय संघटना मावशीच्या पदरात आली. सायकलच्या दुकानावरची एक खोली, नकाशांचे गठ्ठे, दोरीवर वाळणारे झेंडे, आणि सुट्टीची साखरझोप मोडून येणारे स्वयंसेवक. ती खरी मावशी एकाच भाचीची, पण भाचीचं ऐकून सगळ्यांचीच झाली.

स्वयंसेवक घडवायचे ते तिने. आधी नकाशा फिरवा, मग स्वतः फिरा, असं म्हणत तिने कितीतरी हात धरून रान दाखवलं होतं. एकाने झेंडे बांधायचे, दुसऱ्याने एकट्याने जाऊन तपासायचे, ही तिची शिस्त. स्वयंसेवकांतला बेकरीवाला म्हणायचा, मावशींसमोर पाव भाजायचा तरी उत्तरेकडे तोंड करून.

यंदा विभागीय स्पर्धेचं तपासनीसपद भाचीला द्यायचं, असं तिने मनाशी धरलं होतं. त्याआधी एक परीक्षा. सरावाच्या वाटेवर तिने एक झेंडा मुद्दाम चुकीच्या घळीत, आडव्या पडलेल्या झाडाला बांधला. नकाशावरचं वर्तुळ शेजारच्या घळीवर होतं. कुणापाशी चकार शब्द काढला नाही. भाची चूक पकडेल, येऊन सांगेल, मग मास्तरांचं होकायंत्र तिच्या गळ्यात घालायचं. ते पिशवीत आणलंही होतं.

भाची दुपारी परतली. पायरीवर बूट आपटत म्हणाली, सगळं जागच्या जागी आहे.

पोरगी रानात गेलीच नाही की काय? मावशी स्वतःच पाहायला निघाली. पडलेल्या झाडापाशी झेंडा नव्हता. तो शेजारच्या घळीत होता, अगदी वर्तुळाच्या मध्यावर, वाऱ्यावर शहाण्यासारखा डुलत. तिने गाठ बोटांनी चाचपली. मावशीची गाठ दुहेरी, दात लावल्याशिवाय न सुटणारी. ही सैल फुलाची होती, डावखुऱ्या हाताची. भाची डावखुरी.

आणि मग ती गाठ तिला जागोजागी आठवू लागली. गेल्या स्पर्धेत ओढ्याच्या वळणावर, तिनेच बांधलेल्या झेंड्याला. त्याआधी दगडी बांधाजवळ. शर्यत संपल्यावर झेंडे गोळा करताना तिच्या हाताला ती लागली होती, आणि सोडवायला किती सोपी, म्हणून ती खूशही झाली होती.

खोलीवर आली तेव्हा भाची आणि बेकरीवाला नकाशांच्या घड्या घालत होते. मावशीने झेंडा टेबलावर ठेवला.

“हा मी चुकीच्या ठिकाणी बांधला होता. मुद्दाम. तुझी परीक्षा म्हणून.”

बेकरीवाल्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही. म्हणजे तिचे झेंडे मागून हलवले जातात, हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणजे सगळ्यांनाच. जिच्या बोटाला धरून रान शिकले, तिच्याच पाठीमागून सगळे हळूच चालत होते आणि समोर आले की हसत होते. मावशीला आपल्या पांढऱ्या केसांची नाही, त्या हसण्याची लाज वाटली.

“एवढी वर्षं एकच गोष्ट शिकवली तुला,” ती म्हणाली. आवाज फुटला नाही, नुसता बारीक झाला. “हात लावायचा नाही, सांगायचं. परक्याला सांगितलं असतंस. मला का नाही?”

भाचीच्या हातातला नकाशा अर्धा दुमडलेला राहिला.

“मला वाटलं, नेहमीसारखीच चूक झाली असेल.”

खाली दुकानात कुणीतरी सायकलचं चाक फिरवून पाहत होतं.

“मावशी, नकाशावरच्या बारीक रेषा तुला दिसत नाहीत गं आता,” भाची म्हणाली. “दोन हंगाम झाले. तू बांधून येतेस, आणि मी मागून सोडून नीट बांधते. तुला सांगायचं म्हणून मी कितीदा हा जिना चढले. तू नकाशा उघडून बसलेली असायचीस. जीभच रेटली नाही.”