रिपोर्टात न दिसलेला शिपाई

मी झरीच्या बन्सीधरच्या रक्तातला शिपाई बोलतोय. डॉक्टर मला टी-पेशी म्हणतात. नाव काहीही ठेवा.

जन्म हाडांच्या आत. शाळा छातीच्या हाडामागे, एका ग्रंथीत. विषय एकच: आपला कोण, परका कोण. शंभरातले दोन-चार पास होतात. मी झालो. पुढे शिकलो नाही. गरज पडली नाही.

पहिल्यांदा करोना झाला तेव्हा बन्सीधर अकरा दिवस ऑक्सिजनवर होता. आम्ही नवखे. ओळख पटायला वेळ लागला. पटली ती विसरलो नाही. लसीच्या दोन सुयांनी उजळणी झाली.

यंदा साखर तपासताना त्याने अँटिबॉडीही तपासल्या. नावापुरत्या निघाल्या. त्या दारावरच्या राखणदार, काळाने पांगतात. मी त्या तपासणीत दिसतच नाही. पण बन्सीधरने रिपोर्ट लॅमिनेशन करून सातबाऱ्याशेजारी ठेवला आणि घराबाहेर पडणं सोडलं.

बायको चांगुणाबाई म्हणाली, "अंगात कायच न्हाई म्हणता, मग दोन भाकरी कुठं जायल्यात?"

पाथरीला भाची रोहिणीचं लग्न होतं. नवरीमागे मामा हवाच. धाकट्या बहिणीचा, मनकर्णाचा फोन आला. हा तिला रिपोर्ट वाचून दाखवू लागला.

"दादा, पोरीच्या मागं कागद उभा करू का?"

तो येतो म्हणाला. आणि लग्नाला दहा दिवस असताना ताप भरला. करोनाच. पत्रिका द्यायला आलेल्या पाहुण्यांनी आणला होता.

या वेळी करोना अंगरखा बदलून आला. दारावरच्या राखणदार फसल्या. मी अंगरखा बघत नाही. करोना ज्या पेशीत शिरतो, तिच्या अंगावर त्याच्या आतले तुकडे दिसतात. ते फारसे बदलत नाहीत. आम्ही एकाचे हजार झालो आणि बिघडलेल्या पेशी एकेक करून संपवल्या. तीन दिवस ताप, थोडा खोकला. बस्स.

श्रेय चांगुणाबाईने तापात पाजलेल्या हुलग्याच्या गरम माडग्याला मिळालं. असो. माडगं चांगलं होतं.

तपासणी निगेटिव्ह आल्यावरच तो पाथरीला गेला. बरोबर केलं. करोनाला दारातच अडवणं मला जमत नाही. तुमच्यामुळे दुसऱ्याला लागण होऊ नये, हे तुम्हीच बघायचं. डॉक्टर सांगतील तेव्हा सुई घ्या. माझ्या भरवशावर मस्ती नको.

बन्सीधर रोहिणीच्या मागे ताठ उभा राहिला. अक्षता पडल्या आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी धावत जाऊन बघितलं. आजार नव्हता. मी पुढच्या फेरीला लागलो.