सुतळीने भागेल

मित्रांनो, मी एक जुना कमरबंद आहे. उंटाच्या लोकरीचा, पाच हात लांब. बुरुलने लग्नाआधी मला विणलं आणि नवऱ्याच्या, कुबातच्या, कमरेला बांधलं. त्याच्या मेंढीच्या कातड्याच्या कोटाला बटणं नव्हती. ‘माझं बटण एकच, पण पाच हात लांब,’ असं तो म्हणायचा. खिंडीतल्या वाऱ्याला आत शिरायला मी कधी फट ठेवली नाही, याचा मला फार अभिमान होता.

त्यांच्या मुलीचे, सैकालचे, केस घोड्याच्या शेपटीसारखे सरळसोट. चुलतबहिणीच्या लग्नात तिला लाटा हव्या होत्या. तापल्या चिमट्याने मैत्रिणीचे केस जळाले होते, म्हणून मावशीने तिला माझ्याभोवती केस गुंडाळायची युक्ती शिकवली. संध्याकाळी तिने ओलसर केसांचा मधोमध भांग पाडला, मला डोक्यावर आडवं ठेवलं आणि दोन्हीकडची एकेक बट माझ्याभोवती गुंडाळत नेली. टोकं बांधून ती तशीच झोपली. मला मात्र त्या मऊ केसांत करमेना. माझी जागा ती नव्हती.

पहाटे कुबात खिंडीपलीकडच्या मेंढ्या आणायला निघाला. डोंगरावर आभाळ काळवंडलं होतं.

“उठवू का तिला?” बुरुलने विचारलं.

“नको. पोरगी एवढ्या हौसेने झोपलीय. सुतळीने भागेल.”

मी ऐकत होतो. वस्तूंना तोंड नसतं, मित्रांनो.

सैकालने उठून मला सोडवलं, तेव्हा खांद्यावर सैलसर, सुंदर लाटा उतरल्या. मला हातात घेऊन ती दाराकडे धावली. बाबा केव्हाच गेले होते. तिने मला खिशात कोंबलं. लग्नात सगळे तिच्या केसांकडे बघत होते आणि बाहेर वारा चढत होता. शेजारची म्हातारी तेवढी कुजबुजली, “मोकळे केस? आपल्यात सुतकात सोडतात, पोरी.” सैकाल हसली, पण खिशात तिची बोटं माझ्याभोवती आवळली.

दुपारी कुबातचा घोडा एकटाच परत आला.

बुरुल रडली नाही. तिने सैकालला समोर बसवलं आणि म्हणाली, “वेणी घाल आधी. या घरात कुणी मेलेलं नाही.” मग बुरुलने स्वतःच ती घट्ट घातली. माणसं खिंडीकडे धावली.

कुबात जिवंत सापडला. सुतळी तुटली होती. उघडा पडू पाहणारा कोट त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवला होता. जीव वाचला, थंडीने गोठलेली बोटं वाचली नाहीत.

आता रोज सकाळी माझी गाठ सैकाल बांधते. परवा कुबात तिला म्हणाला, “एकदा ते केस कर ना गं तसे. मी पाहिलेच नाहीत.”

वेणी पाठीवर टाकून तिने गाठ आणखी आवळली.

मित्रांनो, कुणाची वस्तू हौसेने जरूर घ्या. पण तो घराबाहेर पडण्याआधी ती त्याच्या हातात द्या, झोपमोड झाली तरी चालेल.