दोन ब्रेकची गाडी

निवृत्त झाल्यापासून आमच्या ह्यांना लांबच्या प्रवासाचं खूळ लागलंय. विमानाने नाही, रेल्वेने नाही. स्वतःच्या गाडीने, पार देशाच्या दुसऱ्या टोकाच्या समुद्रापर्यंत. स्वारी जमीन मोजणी खात्यात नकाशे काढायची. त्यामुळे जेवणाच्या टेबलावर आता नकाशे पसरलेले असतात आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. कुठल्या घाटात कुठल्या वळणावर चहा प्यायचा, यावरून एक भांडणही होऊन गेलंय. बाजारात तुरी, दुसरं काय.

गाडी कोण चालवणार, हा ह्यांच्या मते प्रश्नच नव्हता. मी जन्मभर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलं. अर्धं गाव माझ्या हाताखाली गिअर टाकायला शिकलं, त्यात हेही आले. तरी मलाच समजावतात, "तू आयुष्यभर लोकांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसलीस. आता निवांत बस." म्हणजे आता ह्यांच्या शेजारी जीव मुठीत धरायचा. उपकारच म्हणायचे.

मुलाने फोनवर विचारलं, बाबांना एवढं झेपेल का. हे म्हणाले, न झेपायला मी काय गाडी डोक्यावरून नेतोय? गाडी म्हणजे आमच्या स्कूलचीच जुनी. स्कूल बंद झालं तेव्हा मी ती घरी आणली. शिकवणाऱ्याच्या पायाशी तिला आणखी एक ब्रेक आहे. तो काढून टाक म्हणून हे माझ्या मागे लागलेत. बायकोचा नवऱ्यावर विश्वास नाही असं लोकांना वाटतं म्हणे. लोकांना बरोबरच वाटतं.

परवा सराव म्हणून बाजारापर्यंत निघालो. हे चालवत होते आणि समुद्रावरचा सूर्योदय कुठे उभं राहून बघायचा ते मला सांगत होते. चौकात माझ्या बाजूने सायकलवर एक बाई आली. अगदी पुढ्यात आली तरी ह्यांचं बोलणं थांबेना. मी माझ्या पायाशी असलेला ब्रेक दाबला. गाडी आचका देऊन बंद पडली आणि बाई आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करून निघून गेली.

"बघितलंस?" हे म्हणाले. "कसा वेळेवर ब्रेक लावला."

शिकाऊ माणसाची चूक रस्त्यात काढायची नाही, गाडी उभी केल्यावर बोलायचं, हा आमच्या कामातला नियम. ब्रेक ह्यांनी लावला असता तर क्लचही दाबला असता आणि गाडी बंद पडली नसती. एवढं तर मी शिकवलंच आहे. मनात भाषण तयार होतं. बोलले तर ह्यांचा समुद्र जाणार, नाही बोलले तर उद्या कुणाचा तरी जीव.

घराशी गाडी उभी राहिली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हेच म्हणाले, "ब्रेक तू लावलास."

"हो."

"ती बाई मला दिसलीच नाही. त्या बाजूचं दिसत नाही आता."

मला न सांगता हे डॉक्टरांकडे जाऊन आले होते. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी टिकली तर टिकेल. ती थेंबांची बाटली मी रोज बघत होते आणि डोळे कोरडे पडतात ही थाप खरी मानत होते. साऱ्या गावाला आरशात बघायला शिकवलं मी! दिव्याखाली अंधार, तो हाच. मला ह्यांचा राग आला आणि माझा स्वतःचा त्याहून जास्त.

"सांगितलं का नाहीत?"

"तू जाणंच रद्द केलं असतंस. दिसतंय तोवर बघून घ्यायचं होतं गं."

मी उतरले, वळसा घालून ह्यांच्या दाराशी गेले आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

"परवा निघू," मी म्हटलं. "चालवणार मी. तुम्ही फक्त बघायचं."

हे लगेच उतरले. किल्ली द्यायला मात्र जरा वेळ लागला.