बघू म्हणजे काय

फोन ठेवला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन चालू असताना ती नुसती ऐकत होती, कारण पलीकडची बाई श्वास घ्यायलाही थांबत नव्हती. औषधांच्या एका मोठ्या गोदामाची प्रमुख होती ती. तिच्याकडून लहान मुलांच्या तापाच्या औषधाची खोकी रुग्णालयात गेली होती आणि तिथल्या फार्मासिस्टनं ती जशीच्या तशी परत पाठवली होती. औषधाची मुदत कधीच संपलेली होती.

"मॅडम, तुमच्या स्क्रीनवर हिरवा दिवा होता! हिरवा म्हणजे माल चांगला, असं तुम्हीच सांगितलंत ना? मग तो काय शोभेला लावलाय?"

खरंच शोभेला लावला होता, हे तिला प्रोग्रॅम उघडल्यावर कळलं. आतला सगळा हिशेब तिनं स्वतः लिहिलेला, आणि तारखा तपासणारं त्यात काही नव्हतं हे तिला ठाऊकच होतं. पण दिव्याचं चित्र ग्राहकांच्या स्क्रीनवर अजून तसंच होतं. डेमोपुरतं म्हणून काढलेलं, डेमोनंतर पुसायचं ठरलेलं. औषध ताजं असो नाहीतर जुनाट, दिवा आपला हिरवाच. आणि तो या एकाच गोदामात नव्हता, बाकीच्या ग्राहकांकडेही तो असाच हसत बसला होता.

गोदामांच्या मालाचा हिशेब ठेवणारा हा प्रोग्रॅम बनवणारी कंपनी तिघांची. ती, पोपट आणि मुनी. पोपट बोलून प्रोग्रॅम विकायचा, मुनी स्क्रीन सजवायचा, आणि तिला दोघं कॉलेजपासून फौजदार म्हणायचे. ऑफिस म्हणजे तिच्या मावशीची पुढची खोली. शिलाई मशीन भिंतीशी ढकललेलं, मधल्या जेवणाच्या टेबलावर तिघांचे कॉम्प्युटर, आणि त्यांच्यामध्ये दोऱ्यांची रिळं. 'आमच्यात कधी भांडण नाही,' असं पोपट येईल त्याला कौतुकानं सांगायचा. भांडण होणार कुठून? दोस्ताला नाही म्हणायला तिथं प्रत्येकाची जीभ जड व्हायची. अशा मैत्रीत कंपनी काढणाऱ्यांना खरं तर कुणीतरी आधीच कान धरून उठवायला हवं.

"तो दिवा खरा आहे असं ग्राहकांना कोणी सांगितलं?" दोघं येऊन बसायच्या आत तिनं विचारलं.

"मी," पोपट म्हणाला. "तुला विचारूनच सांगितलं. तारखांचं जमेल का विचारलं, तर तू म्हणालीस, बघू."

"बघू म्हणजे नाही!"

"बघू म्हणजे नाही? कोणत्या शब्दकोशात?"

"माझ्या घरात! लहानपणी बाबा बघू म्हणाले की आम्ही समजायचो, विषय संपला."

"आणि आमच्या घरात बघू म्हणाले की वस्तू दुसऱ्या दिवशी दारात असायची," पोपट म्हणाला. "नाही म्हणायचं होतं तर नाही म्हण की. तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?"

हे तिला लागलं, आणि लागलं म्हणून ती जास्तच चिडली. बघू म्हटल्याबरोबर विकायला धावणारा माणूस पुन्हा एकदा विचारायला का येत नाही? विचारलं तर नाही ऐकावं लागेल, म्हणूनच ना? स्वतःच्या सोयीचा अर्थ काढायचा आणि वर शब्दकोश काढायचा!

मुनी बोटानं टेबलाची कड खरवडत होता.

"ऐक," पोपटनं आवाज मऊ केला. "या आठवड्यात औषध दुकानांच्या एका मोठ्या साखळीची करारावर सही आहे. आत्ता दिवा काढलास तर सगळे विचारतील का काढला. तू तारखांचं काम आजच सुरू कर, झालं की दिवा आपोआप खरा होईल. तोवर वेळ मारून नेऊ."

"तोवर त्या दिव्याकडे बघून औषधं बाहेर जाताहेत, पोपट! लहान मुलांची औषधं! मी तो आत्ता काढणार, सगळीकडून."

"दोघांनी हो म्हटल्याशिवाय ग्राहकांकडे कुठलाच बदल जात नाही, असं आपलंच ठरलंय. मुनीला विचार."

तिनं मुनीकडे पाहिलं. मुनीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बघू," तो म्हणाला.

तिनं टेबलावर अशी थाप मारली की रिळं खाली घरंगळली. "आज बघू नाही! हो की नाही, एक काहीतरी बोल. आयुष्यात एकदा तरी बोल!"

"अगं, हळू," आतून मावशी ओरडली. कुणी हळू झालं नाही.

"हो," मुनी म्हणाला. "काढ." आणि मग, पोपटकडे न बघता, "पण तिला ते पण सांग."

"काय सांग?"

पोपट खिडकीकडे वळला. सांगितलं ते मुनीनंच, तुटक तुटक. सकाळी गोदामाच्या मालकानं पोपटला फोन केला होता. पोपटनं त्याला सांगितलं, की प्रोग्रॅम चोख आहे, तुमच्या बाईंनी तारखा चुकीच्या भरल्या असतील.

"मी असतील म्हणालो," पोपट म्हणाला. "भरल्या असं नाही म्हणालो."

आधी तिनं सगळ्या ग्राहकांच्या स्क्रीनवरून दिवा काढला. मग गोदामात फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"ताई, मी बोलतेय."

"आता कशाला, मॅडम?" मघाचा त्वेष पार गेला होता. "सामान आवरतेय मी. मालक म्हणाले, उद्यापासून येऊ नका. मी भरलेल्या तारखा दाखवत होते त्यांना, पण म्हणाले, मशीन खोटं बोलत नाही."

तिनं पोपटकडे पाहिलं.

"मालक आहेत तिथं? द्या त्यांना."

फोन तिनं पोपटच्या तोंडासमोर धरला. "बोल."

"कंपनी बुडेल," तो पुटपुटला. त्याचे डोळे भरून आले होते आणि तिला त्याची तसूभरही कीव आली नाही. "तू आपल्या मैत्रीचा तरी विचार कर."

"तू केलास सकाळी?"

पलीकडे मालक हॅलो हॅलो करत होता. पोपटनं मान फिरवली. तिनं फोन स्वतःकडे ओढला.

"साहेब, ताईंनी तारखा बरोबर भरल्या होत्या. प्रोग्रॅम त्या वाचतच नव्हता."

"मग दिवा हिरवा कसा?"

"आम्ही रंगवला होता," ती म्हणाली. "तिघांनी मिळून. आता ताईंना थांबवा, त्या निघाल्या असतील."