शनिवारची खुर्ची

आमच्या धामणगावात शनिवारी सहसा कोणी दाढी करत नाही. राजकुमारच्या सलूनमधली खुर्ची त्या दिवशी रिकामी असते, पण पुरुषमंडळी सवयीने तिथेच जमतात. दवाखान्यात चला म्हटलं की यांचे पाय दुखतात. सलूनच्या बाकावर मात्र अख्खा दिवस काढतील. बुलढाण्याच्या एका संस्थेने हे बरोबर हेरलं. त्यांनी बीपी मोजायचं मशीन आणि गोळ्यांचा डबा माझ्या हवाली केला आणि शनिवारी ती खुर्ची माझी झाली.

मला हे काम हवंच होतं. माझे मालक हिंमतराव बीपीनेच गेले, भर दुपारी, शेताच्या बांधावर. शिबिरात त्यांना गोळ्या दिल्या होत्या. मी रोज विचारायची, "गोयी घेतली का?" ते म्हणायचे, "घेतो ना व." 'घेतली' असं एकदाही त्यांच्या तोंडून निघालं नाही. सलूनमध्ये पट्टा बांधण्याआधी मी प्रत्येकाला तोच प्रश्न विचारते, आणि बांधताना वाटतं, हा दंड यांचा असता तर. वर्षं लोटली, पण हे वाटणं काही कमी होत नाही.

यंदा संस्थेच्या मंजुश्री मॅडम तपासणीला आल्या. एवढ्या खर्चात माणसं खरंच वाचतात का, हे पैसे देणाऱ्यांना कळायला हवं होतं. नाही पटलं तर मशीन दुसऱ्या गावाला जाणार. मी सगळ्यांना निरोप दिला होता, या बरं.

आले. पण कोण, तर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं. भांग पाडून, इस्त्रीचे शर्ट घालून. एकेकाचं बीपी पुस्तकात छापावं असं. माझ्या नेहमीच्या लोकांपैकी एकही नाही.

मॅडम माझी नोंदवही चाळत म्हणाल्या, "इथे इतके आजारी लिहिलेत, समोर तर कोणीच नाही. नोंदी खऱ्या आहेत ना, ताई?"

"खऱ्या आहेत," म्हणत मी पोरांना लोकांना बोलवायला धाडलं, पण घरी कोणीच सापडलं नाही.

जीप गेली तसे मारुतीच्या देवळामागून शालिग्रामकाका बाहेर आले, त्यांच्या मागे माझे सगळे पेशंट. काका गावात वडीलधारे, आणि बीपी सगळ्यांत जास्त त्यांचंच.

"तुम्ही काऊन लपले, काका?"

"सूनबाई, पोरगी पाहाले पाहुणे आले म्हंजे खोकलणाऱ्या म्हाताऱ्याले आपण मांगच्या खोलीत बसवतो का नाही? म्हटलं, चारचौघांत तुह्यी शोभा नको, म्हनून ही तरणी पोरं धाडली."

"शोभाच झाली, काका. त्या बाई बिमार मानसंच पाहाले आल्या होत्या."

काकांचा चेहरा उतरला. मला संताप आला होता, पण मायेने केलेल्या मूर्खपणावर किती वेळ रागवणार?

मॅडमना फोन लागला तो दोन दिवसांनी. त्यांना पटलंही, पण अहवाल गेला होता. "एका पेशंटमागे खर्च फार दिसला, ताई." मशीन दुसरबीडला गेलं. गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतील म्हणाल्या. मिळतील हो, पण आणायला कोण जाईल?

पुढच्या शनिवारी मी उगाच सलूनकडे गेले. घरात करमेना. बघते तर खुर्चीत शालिग्रामकाका, बाही वर करून, आणि बाकावर माझे सगळे पेशंट.

"मशीन गेलं ना, काका."

"मालूम हाये. दवाखान्यातून गोया आणल्या मी. या सगळ्याइले घेऊन गेलतो. पण तू इचारत नाही तोवर घेतल्यासारखं वाटत नाही. इचार."

मी विचारलं, "गोयी घेतली का?"

"घेतली व."

एवढंच ऐकायचं होतं मला घरी. एकदा तरी. मी पदराने डोळे पुसले आणि बाकावरच्या पुढच्या माणसाला विचारलं.