ओलिवाच्या हातची मुशी

सेर्वांदोला स्पेनमधल्या कादिझच्या मंडईचा इतिहास तोंडपाठ होता, आणि ऐकणाऱ्यांच्या दुर्दैवानं तोंडही शाबूत होतं. मंडईसमोर त्याचं केस कापायचं दुकान. उभा जन्म तिथे गेला. खुर्चीत बसलेल्या आणि गळ्याशी वस्तरा असलेल्या माणसाला, मंडईच्या जागी पूर्वी मठाची बाग होती हे निमूट ऐकून घेण्यावाचून इलाज नसतो. दुकान बंद झालं, वस्तरा गेला, जीभ राहिली. कादिझमध्ये कुठल्याही कारागिराला मास्तर म्हणतात. आपल्याला मात्र ज्ञानामुळे म्हणतात, असं त्यानं बरीच वर्षं धरून ठेवलं होतं.

त्याचा सगळ्यात लाडका विषय मुशीचा आदोबो. मुशीचे, म्हणजे छोट्या शार्कचे, तुकडे व्हिनेगर, लसूण, जिरं नि ओरेगानोत मुरवायचे, जाडसर पिठात घोळवून तळायचे. यात काय सांगायचंय, असं कुणी म्हणेल. सेर्वांदोला विचारा. आधी फिनिशियन लोकांची गलबतं, मग अरबांचं जिरं, मग अमेरिकेहून आलेली लाल मिरचीपूड, आणि सरतेशेवटी कोनीलच्या कोळ्यांच्या घरातली त्याची बायको ओलिवा. तीन हजार वर्षांचा हा प्रवास दर शुक्रवारी त्याच्या ताटात येऊन थांबायचा. गल्लीतल्या क्लबात त्यानं यावर भाषणसुद्धा ठोकलं होतं, ‘माझ्या बायकोच्या हातचा आदोबो’ म्हणून. बायका टाळ्या वाजवून दमल्या. मासेवाली रेग्ला तर उभी राहून वाजवत होती.

गेल्या हिवाळ्यात ओलिवा गेली. तेव्हापासून मास्तर ब्रेड आणि डब्यातले मासे खाऊन दिवस ढकलत होता. मुलगी पाल्मा दूर बुर्गोसला नर्स. तिचा फोन आला, “बाबा, खातोस काय तू?”

“सगळं करून खातो की. परवा तुझ्या आईचा आदोबोसुद्धा केला.”

थाप मारावी, पण पचेल एवढीच मारावी. पाल्मा म्हणाली, “मी शनिवारी येतेय. तोच कर. जमला तर बुर्गोसचं नाव काढणार नाही. नाही जमला तर घराला कुलूप लावायचं आणि माझ्याबरोबर यायचं. तिथे एकटं उपाशी मरू देणार नाही मी तुला.”

सेर्वांदोनं फोन ठेवला. बुर्गोसला समुद्र नाही, लोक जूनमध्येही स्वेटर घालतात, आणि इतिहास आहे तो सगळा दुसऱ्यांचा. तिथे आपण बाकावर बसून कुणाला काय सांगणार? आणि ओलिवा जिथे नांदली ते घर कुलूप लावून सोडायचं? ते त्याच्यानं होणार नव्हतं.

शुक्रवारी त्यानं कंबर कसली. मुशी आणली, कापली, आणि व्हिनेगर सढळ हातानं ओतलं. संध्याकाळी तळून पहिला तुकडा तोंडात घातला, तर डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्याला वाटलं, ओलिवाची आठवण आली. दुसरा तुकडा खाल्ला तेव्हा कळलं की व्हिनेगर. शेजारणीच्या मांजराला वाडगं दिलं, तर ते वाडग्याला वळसा घालून निघून गेलं. गल्लीतल्या मांजरांनाही स्वाभिमान असतो.

शनिवारी सकाळी तो मंडईत गेला, ओलिवा नक्की कसं करायची ते रेग्लाला विचारायला. दगडी फळीवर बांगडे, कोळंबी, ट्यूनाचे लालभडक काप. पुढे बायकांचा घोळका. इथे रांग डोळ्यांना दिसत नाही. येताना विचारायचं आणि लक्षात ठेवायचं.

“शेवटचं कोण?” त्यानं विचारलं.

“मी,” मिलाग्रोस म्हणाली. हिच्या नवऱ्याचं टक्कल मास्तरच्याच दुकानात पडलं होतं. “माझ्यामागे तुम्ही. पण आज तोंड मिटून उभे राहा, मास्तर. मला घरी जाऊन सूप ठेवायचंय.”

“शब्द काढणार नाही.”

त्यानं नेहमीच्या जागी, फळीच्या टोकाला असलेल्या मोठ्या झाकणाच्या डब्यावर कोपर टेकलं आणि गप्प राहिला. खरंच राहिला. तेवढ्यात मागून आलेल्या नव्या बाईनं वर बघत विचारलं, “हे खांब जुने आहेत का हो?”

आता यात माणसाचा काय दोष? तो खांबांपासून मठाच्या बागेत शिरला, बागेतून बंदरात, बंदरातून कार्थेजला निघालेल्या फिनिशियन गलबतात. गलबत अर्ध्या समुद्रात असताना त्यानं वळून पाहिलं, तर मिलाग्रोस घरी गेलेली, ती नवी बाईही कोळंबी घेऊन पसार झालेली, आणि पुढे सगळे नवेच चेहरे.

“शेवटचं कोण?” त्यानं ओशाळून विचारलं.

“तुम्हीच,” रेग्ला म्हणाली. “तुमचा नंबर येऊन गेला, मास्तर. दोनदा हाक मारली. तुम्ही कार्थेजला होता.”

पुन्हा उभा राहिला. अखेर नंबर लागला तेव्हा त्यानं आवाज खाली आणून सगळं सांगितलं: पाल्मा, बुर्गोस, मांजर. “रेग्ला, माझं घर जाईल. ओलिवा व्हिनेगर किती घालायची, तेवढं सांग. तुला ठाऊक असेल.”

घोळक्यातल्या बायका अचानक आपापल्या पिशव्यांत काहीतरी शोधू लागल्या. रेग्लानं सुरी पुसली, उगाच परत पुसली.

“मास्तर, कोपर काढा.”

“आं?”

“त्या डब्यावरचं कोपर काढा.”

तिनं झाकण उघडलं. जिरं, लसूण, ओरेगानो. अख्ख्या संसारातले शुक्रवार त्या वासासकट वर आले. झाकणावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘मुरवलेली मुशी’. इतकी वर्षं त्या अक्षरांवर कोपर टेकून तो लोकांना ओलिवाच्या हातचा इतिहास सांगत आला होता.

“कधीपासून?” त्यानं विचारलं.

“लग्नाच्या वर्षापासून. पहिल्या खेपेला तिनं स्वतः केला होता. तुम्ही छान म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाहीत. ती समजली. माझ्या आईकडे आली. आईनंतर माझ्याकडे.”

“आणि तू क्लबात उभी राहून टाळ्या वाजवल्यास.”

“माझ्याच आदोबोचं कौतुक चाललं होतं. बसून कशा वाजवणार?”

“मला सांगायचं नाही कुणी?”

“ओलिवानं बजावलं होतं. म्हणायची, बोलू दे त्याला, खुशीत असतो. शिवाय तुम्ही बोलायला लागलात की बायका अडकून पडायच्या आणि माझे बांगडे खपायचे.”

सेर्वांदोला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग हसू फुटलं. हसता हसता ओलिवाची अशी काही आठवण आली की फळीला धरून उभं राहावं लागलं. यावेळी व्हिनेगर नव्हतं. तिला एकदा समोर बसवून जाब विचारावा, आणि तिनं खो खो हसावं, एवढंच त्याला हवं होतं.

“अर्धा किलो दे,” तो म्हणाला.

दुपारी पाल्मा आली. त्यानं तुकडे पिठात घोळवून तळले, एक बाजू जरा करपवली, आणि ताट पुढे ठेवलं. खरं सांगून टाकायचं ठरवलं होतं, पण पाल्मानं तुकडा उचलला आणि जीभ सवयीनं सुटली. “याचं मूळ बघ, फिनिशियन लोकांची—”

पाल्मानं सावकाश चावून गिळलं. “अगदी आईसारखा झालाय.”

सेर्वांदोनं सुटकेचा निःश्वास टाकला.

“रेग्लाला सांग, जिरं आजही जास्त पडलंय.”

त्याच्या हातातला काटा तसाच राहिला. “तुलाही माहीत होतं?”

“बाबा, शुक्रवारी शाळेतून येताना पुडकं कोण आणायचं? तुझ्या दुकानावरूनच यायचे मी. तू कुणाच्या तरी गळ्याशी वस्तरा धरून कार्थेजला असायचास.”

“मग हा आदोबोचा हट्ट कशाला धरलास?”

“आईला तरी कुठे येत होता तो? पण तिनं तुला इतकी वर्षं जेवू घातलं.” पाल्मानं दुसरा तुकडा घेतला. करपलेली बाजू तिनं आपल्याकडे वळवली. “मला एवढंच बघायचं होतं, की मंडईतून तू मासे घेऊन परत येतोस, की नुसतं भाषण देऊन.”

खोटं बोलायची आता सोय राहिली नव्हती.

“दोन्ही,” तो म्हणाला.

पाल्मानं ताट त्याच्याकडे सरकवलं. “बरं. मग खा. आणि पुढच्या शुक्रवारी रांगेत लक्ष ठेव.”