सूपभर कोंडा

कायदा चांगला होता, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर लोक उगाच सरकारच्या नावाने बोटं मोडतील. पूर्वी वेंगुर्ल्यात पोराने चोरी केली की हवालदार चार फटके द्यायचा आणि विषय मिटायचा. एकसष्ट साली मुलांचा नवा कायदा तालुक्यात पोचला. पोराला मारायचं नाही, कोठडीत घालायचं नाही, चौकशीसुद्धा कोर्टात नको, पोलिसाचा गणवेशही नको. म्हणून भिकाजीची चौकशी शाळेत तिसरीच्या वर्गात ठेवली आणि हवालदार धोतर नेसून आला.

नऊ वर्षांच्या भिकाजीने काजूच्या कारखान्यातून दोन्ही खिसे भरून गर पळवले होते. त्याच्याबरोबर आलेली तुळसा त्याच कारखान्यात बिया फोडायची. काजूच्या तेलाने तिची बोटं कायमची काळी झाली होती. ते हात पदराखाली घेऊन ती बाकाच्या कडेला बसली होती. हात जोडायचे, चार शब्द ऐकून घ्यायचे आणि पोराला घेऊन जेवणवेळेला घरी, एवढाच तिचा हिशेब.

प्रोबेशन अधिकारी सरलाबाई रत्नागिरीहून आल्या होत्या. त्यांनी भिकाजीला पेपरमिट दिलं आणि विचारलं, "ही तुझी कोण?"

"वैनी," भिकाजी म्हणाला.

सरलाबाई तुळसाकडे वळल्या. "मुलगा तुमचा ना?"

"माझो न्हय," तुळसा म्हणाली. "शेजारच्या राधाबायचो. ती गेल्या वर्षी वारली. मी नुसती पोसतंय."

खरं तर तो तिच्याच पोटचा. पण त्याच्याआधी तिची तीन मुलं गेली होती. तिसरा तर चांगला गुटगुटीत, दीड वर्षाचा. जत्रेत एका अनोळखी बाईने "कोणाचो गो ह्यो?" म्हणून विचारलं आणि हिने तोऱ्यात सांगितलं, "माझो." तिसऱ्या दिवशी ताप भरला, पाचव्या दिवशी खड्डा खणावा लागला. म्हणून चौथा जन्मला तेव्हा दृष्ट चुकवायच्या चालीप्रमाणे तिने त्याला सूपभर कोंड्याला राधाबाईला विकला, नाव भिकाजी ठेवलं आणि देवीपुढे शब्द दिला, की बारा वर्षं पुरी होईपर्यंत याला माझा म्हणणार नाही. पोर तिला वैनी म्हणायला शिकलं. नवरा वारला तेव्हा पोराला पोटाशी धरून रडायचीही सोय नव्हती. ती वेगळी बसून रडली.

कारकून गुरुदास गावचाच. त्याने टाक खाली ठेवला आणि बाईंना ही चाल समजावून सांगितली. सरलाबाई काही दगड नव्हत्या. खुर्ची सोडून त्या तुळसाजवळ बाकावर येऊन बसल्या.

"तुळसाबाई, एकदाच म्हणा, माझा आहे. तुमच्या जामिनावर आजच सोडते त्याला. नाही म्हणालात तर तो निराधार ठरतो. मग सोळा वर्षांचा होईपर्यंत घाटावरच्या बालगृहात राहील."

"बाय, थंय जेवक घालतत?"

"दोन वेळा. शाळा आहे, डॉक्टर आहे."

"आणि मारतत?"

"मारायला कायद्याने बंदी आहे."

"तुळसा गो, म्हण मगे," गुरुदास कळवळून म्हणाला. "एक शब्द नुसतो."

भिकाजी पेपरमिटचा कागद चाटत तिच्याकडे बघत होता. जत्रेतसुद्धा एकच शब्द बोलली होती ती. शिर सलामत तर पगडी पचास. दूर का असेना, जगेल.

"माझो न्हय," ती म्हणाली आणि गुरुदासने पुढे केलेल्या कागदावर अंगठा उठवला.

एस.टी.त बसायचं अप्रूप होतं म्हणून भिकाजी रडला नाही. गाडी सुटताना मात्र त्याने विचारलं, "वैनी, तू येवचंस नाय?"

"मागसून येतंय," तुळसा म्हणाली.

ती तीन वर्षं गेली नाही. पोर समोर दिसलं की तोंडून शब्द सुटेल, ही धास्ती. बारा वर्षं पुरी झाली त्या दिवशी तिने देवीची ओटी भरली, राधाबाईच्या सुनेच्या दारात सूपभर कोंडा ओतून आपला मुलगा परत घेतला आणि पुडीत जत्रेतलं गोड खाजं बांधून घाटावरची गाडी धरली.

भिकाजी उंच झाला होता. स्वच्छ सदरा, चापून बसवलेला भांग. बालगृहाच्या गुरुजींच्या देखत, भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली, "झिला, तू माझो. मी तुझी आवस."

तो हात मागे बांधून उभा होता. "मला आई नाही," तो पुस्तकातल्यासारखं बोलला. "पहिल्या वर्षी मी रोज सांगायचो, माझी वैनी येणार आहे. मग गुरुजींनी कागद वाचून दाखवला. त्याच्यावर तुमचा अंगठा आहे."

गुरुजी खिडकीबाहेर बघू लागले. तुळसाने खाज्याची पुडी टेबलावर ठेवली.

"जेवक मेळता?"

"मिळतं."

"ताप-बीप येता?"

"नाही. कधीच नाही."

"मग झालां," ती म्हणाली.

परतीच्या गाडीत शेजारच्या बाईने सहज विचारलं, मुलं किती. तुळसाने सांगितलं, चार झाली, एक जिवंत आहे, तो माझा. आता त्याच्यासाठी चारचौघांत रडायला देवाचीही बंदी नव्हती. आंबोलीचा घाट उतरेपर्यंत ती रडत होती.